गाडीखर्च कोणाकडं

लातुरात खोली शोधायला निघालं की घरमालक आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग गावातली गल्ली. एवढ्यावरही जात कळली नाही तर चहा मागवतात आणि वेळ काढतात. आमच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते फाटकापाशी स्कूटर पुसत होते. त्यांनी माझी मोटारसायकल खालपासून वरपर्यंत बघितली आणि म्हणाले, "पेट्रोल कुठं टाकता?"

"जिथं गर्दी नसते तिथं," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतो तसं माझ्याकडं बघितलं.

"लग्न झालंय?"

"नाही."

"तरीच," ते म्हणाले आणि वरची खोली दिली. डिपॉझिट घेतलं नाही. अशा माणसाला गावात मोकळं फिरू देणं त्यांना धोक्याचं वाटलं असावं.

मी आता नांदेडला असतो, लातुरात शिकवायचो तसंच तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पण अजूनही पंपावर गाडी लावली की मागं कुणीतरी उभं आहे आणि मान हलवतंय असं वाटतं.

मालक पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. कालव्यातून किती पाणी जाऊ शकेल याचा अंदाज ते जन्मभर बांधत आले. पाणी येणं हा त्यांच्या टेबलाचा विषय नव्हता. त्यामुळं हातात न आलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलायची त्यांना जुनी सवय होती आणि निवृत्तीनंतर ती क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर जाऊन बसली. कुणी त्यांना कंजूस म्हणायचं, पण ते खरं नव्हतं. आंब्याच्या दिवसात वरच्या खोल्यांना टोपलीभर आंबे यायचे. आजारी भाडेकरूला ते स्वतः दवाखान्यात न्यायचे. फक्त दवाखान्याचं बिल आपल्या कार्डावर टाकू द्या, एवढी एक विनंती असायची.

रविवारी सकाळी गच्चीवर आम्हा भाडेकरूंसाठी त्यांचं प्रवचन व्हायचं. विषय ठरलेला.

"मार्ग दोन हायत," ते सुरुवात करायचे. "एक कार्डाचा, एक पंपाचा. कार्ड म्हणजे ज्ञानमार्ग. वाचावं लागतं. साधं रिवॉर्ड कार्ड किराण्यावर पॉइंट देतं, कापडावर देतं, पेट्रोलवर बहुतेक देत न्हाई. हे बँकवाले लपवत न्हाईत. छापतात. पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापतात. म्हणून पेट्रोलला वेगळं कार्ड घ्यायचं, तेल कंपनीशी पाट लावलेलं. कार्डानं पेट्रोल घेतलं की वर सरचार्ज लागतो, तो त्याच्यात माफ. पण कधी माफ? ठरलेल्या रकमेच्या खाली न्हाई, ठरलेल्या रकमेच्या वर न्हाई. मधोमध."

"आणि पंपाचा मार्ग?" कुणीतरी विचारायचं.

"तो भक्तिमार्ग. फी न्हाई, बिल न्हाई, व्याज न्हाई. पंपावर मोबाईल नंबर सांगायचा, पॉइंट जमा. पण देव एकच धरायचा. दुसऱ्या कंपनीच्या पंपावर गेलात की फळ न्हाई. आन वर्षभर नाव घेतलं न्हाई की साठलेलं पुण्यबी जातं."

मग ते निकाल द्यायचे. जो महिन्याचं बिल पूर्ण भरतो त्यानं कार्ड घ्यावं. जो मिनिमम ड्यू भरतो आणि बाकीचं पुढं ढकलतो, त्यानं कार्डाला हातसुद्धा लावू नये, त्याचे पॉइंट व्याजात धुऊन जातात. त्यानं पंपाच्या भक्तीत सुखी राहावं. आणि ज्याला दोन्ही लक्षात राहत नाहीत त्यानं नगद द्यावं आणि गप बसावं. हे शेवटचं माझ्याकडं बघून असायचं. यात चुकीचं काही नव्हतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. अडचण एवढीच की रविवारी सकाळी आम्हाला झोप हवी असायची.

स्वतः मालक कट्टर ज्ञानमार्गी. पण साठवलेले पॉइंट ते वापरत नसत. वस्तूंचं पुस्तक यायचं, ते चाळायचे आणि मिटायचे. काकू, म्हणजे मालकीणबाई, खालून म्हणायच्या, "एकदा निदान कुकर तरी घ्या त्यातनं. पॉइंटाची भाजी शिजत न्हाई." मालक म्हणायचे, "कुकर घेतला की संपलं की गं." कार्डाबरोबर विमानतळावरच्या आरामकक्षात फुकट प्रवेश होता. लातूरला विमानतळ आहे, विमानाची तेवढी वाट बघायची असते. मालक तरीही एकदा चौकशीला गेले. तिथला पहारेकरी म्हणाला, "साहेब, आराम करायचा तर इथं लिंबाखाली बसा. कार्ड लागत न्हाई." मालक तासभर बसून आले आणि सुविधा चांगली आहे म्हणाले.

त्यांच्या स्कूटरची टाकी लहान. ती भरली तरी सरचार्ज माफीच्या खालच्या रकमेला पोचायची नाही. यावर मालकांनी तोड काढली. आठवड्यातून एकदा ते कॉलनीतल्या गाड्या गोळा करायचे. पुढं ते, मागं आम्ही भाडेकरू, त्यामागं पलीकडच्या गल्लीतले रफीकभाई टेलर, दूधवाला, दोन शिक्षिका, एक कंपाउंडर. अशी रांग पंपावर जायची, सगळ्यांच्या टाक्या भरायच्या, कार्ड एकदाच घासलं जायचं आणि प्रत्येकानं आपापले पैसे मालकांना द्यायचे. कुणाचं नुकसान नव्हतं, म्हणून कुणी नाही म्हणत नव्हतं. शिवाय लातुरात मिरवणुकीला नाही म्हणायची पद्धत नाही.

पण महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली आणि रांगेकडं बघायची लोकांची नजर बदलली. चौकात एका पानवाल्यानं मालकांना हार घातला. मालकांनी तो काढून स्कूटरला घातला. त्यानं तर ते अजूनच विनम्र वाटले. दोन दिवसांत आमच्या वॉर्डाचे एक जुने उमेदवार पांढऱ्या गाडीतून घरी आले. बरोबर चार कार्यकर्ते, सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुतक.

"मालक, तुम्ही उभं राहून राहिलात म्हणं?"

"बसलोय की हो."

"मस्करी नका करू. मतं फुटतील. तुमची काय अपेक्षा हाय ते सांगा."

मालक जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तुमच्या रॅलीतल्या गाड्यांचं पेट्रोल कोण भरतं?"

उमेदवारानं कार्यकर्त्यांकडं बघितलं. असा उघड सौदा त्यांनीही पाहिला नसावा. "आम्हीच भरतो."

"ते माझ्या कार्डावर भरू द्या. पैसे तुम्ही मला द्या. पण सगळ्या गाड्या एकदम नको. वरच्या रकमेच्या पुढं गेलं की माफी जाते. थोड्या थोड्या पाठवा."

उमेदवार चहा न घेता गेले. बाहेर पडताना एका कार्यकर्त्याला म्हणाले, "लई खोल माणूस हाय. आपल्याला कळून राहिलं न्हाई काय मागतोय ते." मालक काही उभे राहिले नाहीत, त्यामुळं ते बसले असं सगळीकडं झालं, आणि किती घेऊन बसले यावर कॉलनीत बरेच दिवस चर्चा चालली.

या सगळ्याचा ताप व्हायचा तो शिल्पाला, मालकांच्या मुलीला. शिल्पा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची, स्कूटीवरून जायची यायची आणि बापासारखंच सरळ तोंडावर बोलायची. तिचं एक स्थळ मालकांनी आधीच घालवलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, गाडी, फ्लॅट. मालकांनी पगार विचारला नाही, कार्डाचं बिल कसं भरतो ते विचारलं. मुलगा हसून म्हणाला, मिनिमम ड्यू. मालक उठले आणि आत निघून गेले. पाहुण्यांना वाटलं देवाला गेले. ते परत आलेच नाहीत. त्या स्थळाचं शिल्पालाही दुःख नव्हतं. पण पुढचं, उदगीरचं स्थळ तिला मनापासून हवं होतं. मुलाच्या घरची दाळमिल होती, मुलगा तीच बघायचा. दोघं फोनवर बोलायला लागले होते, आणि ती जिन्यात उभी राहून हसताना मी बऱ्याचदा ऐकलं होतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी ती वर आली.

"सर, यादी लिहायला बाबांनी तुम्हाला बसवलंय ना?"

"हो. माझं अक्षर बरं आहे म्हणून."

"मग एक करा. बाबांचा हात खिशाकडं गेला की त्यांना चिमटा काढा. मला हे लग्न करायचंय. कार्डापायी हेबी गेलं तर मी लॅबमध्ये राहायला जाईन, सांगून ठेवते."

आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात आणि काय कोणाकडं याची यादी करतात. जेवण कोणाकडं, वाजंत्री कोणाकडं, कपडे, मंडप, आहेर. त्यातलं सगळ्यात अवघड कलम असतं गाडीखर्च. वऱ्हाडाच्या जीपा आणि बस यांचं डिझेल मुलीकडचे देतात असा मुलाकडच्यांचा समज असतो आणि मुलाकडचे देतात असा मुलीकडच्यांचा. जुळलेली लग्नं या कलमावर मोडलेली मी पाहिली आहेत.

मुलाकडून मुलाचे वडील होते आणि वडिलांचे थोरले चुलते. चुलत्यांना सगळे आबा म्हणत. धोतर, कोपरी, डोक्याला रुमाल, आणि सुपारी कातरत कातरत बोलायची सवय. शब्द त्यांचा चालायचा. जेवण, कपडे, वाजंत्री भराभर पार पडलं. मग आबांनी अडकित्ता थांबवला.

"गाडीखर्चाचं काय?"

दोन्हीकडची माणसं मांडी बदलून सावरून बसली. मालक म्हणाले, "तो माझ्याकडं."

मी चिमटा काढायला हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

आबांच्या तोंडावर समाधान यायला लागलं होतं, तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "न्हाई न्हाई. गाडीखर्च आमच्याकडं राहू द्या."

"कामून? पोरगी माझी हाय. डिझेल माझं."

"गाड्या आमच्या हायत. डिझेल आमचंच. तुम्ही वाटलं तर वाजंत्री घ्या."

"वाजंत्री घेतो. डिझेलबी घेतो."

"मग मी जेवण घेतो, पण डिझेल देत न्हाई."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "थांबा रे. माझं सगळं आयुष्य असल्या बैठकीत गेलं. डिझेल देत न्हाई म्हणून भांडणारे लई बघितलो. देतो म्हणून भांडणारे आजच बघलालो. लेकराच्या बापाचं मी बघतो नंतर. पण पोरीचा बाप एवढा ढिला कामून सुटलाय?"

आतल्या दारातून मुलाची आत्या म्हणाली, "मला तर सकाळपासनंच वाटून राहिलं. पोरीत काहीतरी खोट हाय."

त्यानंतरची पंधरावीस मिनिटं वाईट गेली. शिल्पाला पुन्हा बाहेर बोलावलं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालायला लावलं, पेपर वाचायला लावला, दोन्ही हात पुढं करायला लावले. आत्यानं केस ओढून बघितले. शिल्पा सगळं करत होती. आमच्या कुणाच्याही तोंडाकडं बघत नव्हती. शेवटी आत्या म्हणाली, "रक्ताचं काही न्हाई ना?"

"तुमचंबी काढून देते. बसा," शिल्पा म्हणाली.

काकू बाहेर आल्या. बैठकीत मुलीकडच्या बायका बोलत नाहीत, पण त्या बोलल्या. "ऐका हो. तुमच्या कार्डापायी माझ्या लेकराचे केस ओढून राहिलेत. आता तोंड उघडा, न्हाईतर त्या कार्डाचे मी तुकडे करते."

मालकांनी एकदा शिल्पाकडं बघितलं आणि खिशातून कार्ड काढून सतरंजीवर ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. कार्ड काय, सरचार्ज काय, पॉइंट काय. सुरुवातीला आवाज पडलेला होता, पण पॉइंटांशी आल्यावर तो आपोआप चढला आणि गच्चीवरचं प्रवचन सतरंजीवर आलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पॉइंट म्हणजे पैसे?"

"पैसे न्हाईत."

"मग वस्तू?"

"वस्तू मिळू शकते."

"मिळाली का कधी?"

"घेतली न्हाई अजून."

"म्हणजे जे पैसे न्हाईत, वस्तू न्हाई, आन हातात आलं न्हाई, त्याच्यासाठी तुम्ही आख्ख्या वऱ्हाडाचं डिझेल भरणार?"

"हाव," मालक म्हणाले.

आबा उठले. "चला रे. पोरीत लई मोठी खोट हाय."

सगळे उठायला लागले. शिल्पा भिंतीला टेकली. पायताणं शोधायला सुरुवात झाली होती, तेव्हा मुलाचे वडील मात्र जागचे हलले नाहीत. "आबा, बसा," ते म्हणाले. "माणूस खरं बोलून राहिलाय." आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. पंपाचं. दाळमिलीचा टेम्पो, जीप, मुलाची मोटारसायकल, सगळ्यांचं डिझेल-पेट्रोल ते वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या पंपावर टाकत होते आणि वऱ्हाडाचं डिझेल म्हणजे त्यांना पर्वणी होती.

मालकांनी ते कार्ड हातात घेतलं. "भक्तिमार्ग," ते हळूच म्हणाले.

"काय म्हणालात?"

"काही न्हाई. पॉइंट वर्षात उडतात हो तुमचे."

"आमचे उडतात, पण आमच्या दारी वसुलीवाला येत न्हाई. तुमचं कार्ड म्हणजे उधारीचं डिझेल."

"बिल पूर्ण भरणाऱ्याला उधारी म्हणत न्हाईत. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी हाय ते."

"म्हणजे आम्हाला वाचता येत न्हाई?"

मला वाटलं आपण शिकलेले आहोत, काही उपयोग व्हावा. मी म्हणालो, "एकानं कार्ड घासावं आणि दुसऱ्यानं पंपाला नंबर सांगावा. दोघांनाही पॉइंट मिळतील." दोघांनी एकाच वेळी माझ्याकडं बघितलं. मालकांचं कार्ड एका तेल कंपनीचं होतं आणि व्याह्यांचा पंप दुसरीचा. "सर," मालक म्हणाले, "तुम्ही झाडाचं बघा." व्याह्यांनी मान डोलावली. दोघांचं एकमत झालेलं हे पहिलं कलम.

आबा मात्र पुन्हा सतरंजीवर बसले होते. त्यांनी अडकित्ता उचलला, एकदा आपल्या पुतण्याकडं बघितलं, एकदा मालकांकडं, आणि दोन कार्डांकडं. तोंडावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं.

"खोट पोरीत न्हाई," ते म्हणाले. "खोट बापात हाय. दोन्ही बापांत हाय. मग काय बिघडलं? नांदायला पोरगी येणार हाय, बाप थोडाच येणार हाय? आन आमच्याकडचा तर आधीपासनं नांदूनच राहिलाय. सर, लिहा. गाडीखर्च आबांकडं. नगद. आन पंप ह्याचाबी न्हाई, त्याचाबी न्हाई. तिसऱ्याच कंपनीचा."

मी लिहिलं. सुपारी फुटली. काकूंनी साखर वाटली. मालक आणि व्याही शेजारी शेजारी बसून, आत्ताच मयतीहून आल्यासारखे, साखर खात होते.

लग्न लातुरात झालं, वेळेवर झालं, आणि जेवणात गुलाबजाम कमी पडले एवढं सोडलं तर कुणाची तक्रार नव्हती. पाठवणीच्या वेळी सगळे रडले. मालक रडले नाहीत. ते स्कूटर काढून म्हणाले, "पंपापर्यंत पोचवून येतो." मी मागं बसलो.

उदगीर रोडवरच्या एका पंपावर वऱ्हाडाच्या जीपा आणि बस रांगेला लागल्या. पंप आबांनीच शोधला होता. मालक एका बाजूला उभे राहिले, व्याही दुसऱ्या. मीटरचे आकडे पळत होते आणि दोघं ते बघत होते. एवढं डिझेल आणि कुणाच्याच नावावर काही नाही. व्याह्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

शेवटची गाडी भरली. आबांनी कोपरीतून नोटांची गुंडाळी काढली. पंपावरची मुलगी म्हणाली, "आबा, मोबाईल नंबर?"

"कामून? मी कुठं फोन लाव म्हणलो?"

"पॉइंटाला लागतो. आपल्या पंपाचे जमा होतात. नसला तर राहू द्या."

मालकांनी डोळे मिटून घेतले. व्याही दुसरीकडं बघायला लागले. दोघांचाही नंबर इथं नव्हता, कारण दोघांनीही आयुष्यात या कंपनीच्या पंपावर पाऊल ठेवलं नव्हतं.

तेव्हा फुलांनी मढवलेल्या गाडीची काच खाली आली. हिरव्या चुड्याचा एक हात बाहेर आला आणि शिल्पानं दहा आकडे स्वच्छ सांगितले. "घाला ताई. जुना नंबर आहे, रजिस्टर आहे."

पंपावरच्या मुलीनं मशीनमध्ये नंबर दाबला. "शिल्पाताई होय? स्कूटीवाल्या? ओळखलंच न्हाई की मुंडावळ्यात."

मालक गाडीपाशी गेले. खिडकीत वाकले.

"कधीपासनं?"

"कॉलेजपासनं."

"ह्या पंपावर? मला बोलली न्हाईस."

"बोलले असते तर येऊ दिलं असतं का, बाबा?"

खिडकीवर हात ठेवून मालक उभे राहिले आणि मग पाठवणीचं राहिलेलं रडणं त्यांना तिथं, डिझेलच्या वासात, आलं. ते हुंदके देत होते आणि मध्येच "सगळ्या गाड्यांचे घाल गं, एकाच गाडीचे नको," असं पंपावरच्या मुलीला सांगत होते. व्याही धावत येऊन सुनेला म्हणाले, "पोरी, वर्षात उडतात बरं का, लक्ष ठेव," आणि तेही डोळे पुसायला लागले. नवरामुलगा गाडीत बायकोकडं नव्यानं बघत होता.

आबा नोटा हातात धरून हे सगळं बघत उभे होते. थोड्या वेळानं ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले,

"सर, लग्न पुरतं लागलंय ना हो?"

"लागलं की, आबा."

"सप्तपदी?"

"झाली."

त्यांनी नोटा पंपावरच्या मुलीच्या हातात दिल्या, रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि बसच्या पायरीवर पाय ठेवला.

"मग आता काय," ते म्हणाले. "चला."